बजेट टीव्हीवर झालं म्हणून लगेच पैसे हलवू नका

बजेटच्या दिवशी दुपारी फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड सुरू होतात, "हे विका, ते घ्या". पण अर्थमंत्री संसदेत वाचतात ते भाषण असतं, कायदा नाही. भाषणाबरोबरच फायनान्स बिल म्हणजे वित्त विधेयक मांडतात, खरा मजकूर त्यात असतो, आणि ते पास होईपर्यंत बदलू शकतं.

२३ जुलै २०२४ च्या बजेटचंच बघा. घर विकल्यावर मिळणारं इंडेक्सेशन (म्हणजे महागाईनुसार खरेदी किंमत वाढवून धरणं) काढलं आणि नफ्यावरचा टॅक्स २० वरून १२.५ टक्के केला. दर कमी झाला म्हणून लोक खूश, पण हिशोब मांडून बघा. २००४-०५ मध्ये १५ लाखाला घेतलेला फ्लॅट २०२४-२५ मध्ये ८० लाखाला विकला, तर इंडेक्स ११३ वरून ३६३ झाल्याने खरेदी किंमत सुमारे ४८.१९ लाख धरली जाते, म्हणजे उरलेल्या नफ्यावर २० टक्क्यांनी टॅक्स साधारण ६.३६ लाख. इंडेक्सेशनशिवाय १२.५ टक्क्यांनी साधारण ८.१३ लाख! (सेस, म्हणजे टॅक्सवरचा उपकर, वेगळा.) ओळखीतले एक काका त्या आठवड्यात घाबरून मिळेल त्या भावाला फ्लॅट काढायला निघाले होते, कसंबसं थांबवलं, कारण बिल अजून लोकसभेत होतं. ७ ऑगस्टला दुरुस्ती आलीच, २३ जुलैच्या आधी घेतलेल्या जमीन-घराला भारतात निवासी व्यक्ती आणि एचयूएफसाठी (हिंदू अविभक्त कुटुंब) दोन्हीतला कमी टॅक्स लागणार.

याच्या उलटही होतं बरं का. २०२३ च्या १ फेब्रुवारीच्या भाषणात डेट म्युच्युअल फंडांच्या (मुख्यतः बाँडमध्ये पैसे लावणाऱ्या) टॅक्समधला बदल नव्हताच, २४ मार्चला लोकसभेत बिल पास होताना दुरुस्तीतून घुसला. ज्या फंडात देशी शेअर ३५ टक्क्यांपर्यंतच होते त्यांना, १ एप्रिलपासून घेतलेल्या युनिटांवर, लाँग टर्मचा, म्हणजे जास्त काळ ठेवल्यावर कमी टॅक्सचा, फायदा बंद झाला. म्हणजे जुन्या नियमात बसायला हातात जेमतेम आठवडा. फक्त बजेटच्या दिवशी टीव्ही बघणाऱ्याला हे कळणारच नाही.

मग करायचं काय? बजेटच्या सरकारी साइटवर फायनान्स बिलाबरोबर मेमोरँडम नावाची पीडीएफ असते, ती काढा. प्रत्येक बदलाखाली तो कधीपासून लागू ते लिहिलेलं असतं, भाषणाआधी ती ओळ वाचा. तिथे एवाय लिहिलं असेल तर ते असेसमेंट इयर, कमाईचं वर्ष त्याच्या आधीचं, इथे भलेभले गंडतात. १२ लाखापर्यंत टॅक्स नाही हे १ फेब्रुवारी २०२५ ला जाहीर झालं पण लागू १ एप्रिल २०२५ पासूनच्या कमाईला, आणि तेही फक्त नव्या टॅक्स रेजीममध्ये, शेअर विकून झालेल्या नफ्यासारख्या स्पेशल रेटच्या कमाईवर ती सूट चालत नाही, तरी जुलैमध्ये मागच्या वर्षाचं रिटर्न भरताना लोक विचारत होतेच "माझे १२ लाख कुठे गेले".

कस्टम ड्यूटीचं (आयातीवरच्या कराचं) मात्र वेगळं, ती बिल पास व्हायच्या आधीच लागू होऊ शकते. २०२४ मध्ये सोन्यावरची १५ वरून ६ टक्के झाली आणि दुसऱ्या दिवसापासून लागूसुद्धा. शेअरच्या नफ्याचे नवे दरही २३ जुलैपासूनच्या विक्रीला लावले, कायदा ऑगस्टमध्ये झाला तरी. म्हणून तारीख, तारीख, तारीख.

पुढचा रस्ता छोटा आहे. लोकसभा पास करते, हे मनी बिल (धन विधेयक) असल्याने राज्यसभा फक्त शिफारशी करू शकते आणि १४ दिवसांत परत पाठवावं लागतं, मग राष्ट्रपतींची सही. २०२४ चं बिल १६ ऑगस्टला कायदा झालं.

तुमचा सीए किंवा म्युच्युअल फंडवाला बजेटच्या संध्याकाळीच "लगेच स्विच करा" म्हणाला तर त्याला विचारा, बिलाच्या कुठल्या क्लॉजमध्ये (कलमात) आहे, कधीपासून लागू, आणि जुन्या गुंतवणुकीला लागू आहे का. उत्तर व्हॉट्सॲपवर लेखी मागा. आणि हो, घराचं जुनं खरेदीखत आणि स्टँप ड्यूटीच्या पावत्या शोधून ठेवा, त्या काकांना ते सापडायलाच तीन आठवडे लागले.