आईचा फोटो तेलाच्या जाहिरातीत दिसला तेव्हा

परळला एका मेडिकलच्या दारात फ्लेक्स लागला होता. नथ घातलेली माझी आई हसतेय आणि शेजारी ठळक अक्षरांत, 'पंधरा वर्षांची गुडघेदुखी महिन्यात गेली!' आईचे गुडघे ठणठणीत आहेत. पाडव्याला गिरगावच्या शोभायात्रेत कुणीतरी तिचा फोटो काढला होता, तोच हा. "आता लोक म्हणतील, पैसे घेऊन खोटं बोलली," एवढंच ती म्हणाली. त्या रात्री ती नीट जेवलीही नाही.

भाऊ फ्लेक्स फाडायला निघाला होता. फाडू नका. आधी दुकानाच्या पाटीसकट अख्ख्या फ्लेक्सचा फोटो घ्या, मग चेहऱ्याचा जवळून, मग खालच्या कोपऱ्यातल्या पत्त्याचा. जाहिरात ऑनलाइन असेल तर लिंक आणि तारखेसह स्क्रीनशॉट. त्याच दिवशीचा तुमचा स्वतःचा फोटोही शोधा. आईच्या चष्म्याच्या काडीला पांढरा दोरा गुंडाळलेला होता. तो भाचीच्या मोबाइलमधल्या फोटोत होता आणि फ्लेक्सवरही स्पष्ट दिसत होता. मग 'ही दुसरीच बाई आहे' म्हणायची सोय उरली नाही.

कंपनीला फोन केला तर उत्तर आलं, "फोटो वेबसाइटवरून विकत घेतलाय, पावती आहे." इथे बहुतेक जण गप्प बसतात. बसू नका. १९५७च्या कॉपीराइट कायद्याने फोटोवरचा हक्क बहुधा फोटोग्राफरचा असतो आणि पावती त्या हक्काची असते. चेहरा आईचा आहे. एकच मागा: तिच्या सहीचं संमतीपत्र दाखवा. जाहिरातवाले त्याला मॉडेल रिलीज म्हणतात. त्यांच्याकडे ते नव्हतंच.

मग ईमेल आणि स्पीड पोस्टने पत्र पाठवा. सही ज्याचा फोटो त्याचीच. आईने लिहिलं: 'या जाहिरातीतली स्त्री मी आहे. हे तेल मी वापरलेलं नाही, परवानगी दिलेली नाही. सात दिवसांत फोटो काढा आणि कुठे कुठे छापला ते लेखी कळवा.' शेवटचं वाक्य गाळू नका, नाहीतर एक फ्लेक्स उतरतो आणि बाकीचे तसेच राहतात.

दाद दिली नाही तर जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या 'आस्की' (ASCI) या संस्थेकडे तक्रार करा, खोट्या अनुभवाची जाहिरात त्यांच्या नियमांत बसत नाही. समाजमाध्यमांवर असेल तर तिथल्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. भरपाई हवी असेल तर वकील गाठा. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ला सांगितलंय. २०२५मध्ये तर एका महिलेचा असाच वेबसाइटवर गेलेला फोटो सरकारी जाहिरातींत वापरल्याची बाब मुंबई उच्च न्यायालयाने गंभीर मानली. मिरवणुकीच्या बातमीत गर्दीत दिसलात, तर ती गोष्ट वेगळी. त्यावर भांडू नका. फोटो अश्लील किंवा तसा बनवलेला असेल तर मात्र पत्रात वेळ घालवू नका, थेट सायबर पोलिसांकडे जा.

पाचव्या दिवशी फ्लेक्स उतरला. अकरा मेडिकलची यादीही आली. आई स्वतः एकेक दुकान पाहून आली. चिंचपोकळीला काउंटरमागे अजून एक छोटं पोस्टर आहे. शनिवारी पत्राची प्रत घेऊन आम्ही दोघी तिथे जाणार आहोत.