सतरा फुटी कयाक पिकअपवर: ट्रेलरशिवाय सुपीरियर गाठताना

आम्ही मिनियापोलिसला राहतो आणि उन्हाळ्यात लेक सुपीरियरमधल्या अपॉसल आयलंड्स या बेटांना कयाक (वल्ह्याची निमुळती होडी) घेऊन जातो. या सरोवराचं पाणी भर उन्हाळ्यातही थंडगार, वारा फिरला की लाटा चढायला वेळ लागत नाही. तिथे छोट्या, उघड्या कयाक नेऊ नका असं नॅशनल पार्क सर्व्हिसही सांगते. म्हणून आमची कयाक १७ फुटी. गाडी फोर्डची एफ-१५० पिकअप, मागचा हौदा साडेपाच फुटांचा. ट्रेलर ठेवायला जागा नाही, आणि त्याची गरजही पडत नाही.

सगळ्यात आधी कयाक हौद्यात टाकायचा विचार सोडा. मागचं फळकं उघडलं तरी जेमतेम साडेसात फुटांचा आधार मिळतो आणि साडेनऊ फूट बाहेर लोंबतात. निम्म्याहून जास्त लांबी बाहेर असलेली वस्तू कितीही आवळा, खड्ड्यात मागून खाली बसणारच. दहा-बारा फुटी कयाकला हौदा चालतो, लांब कयाकची जागा टपावर.

त्यासाठी दोन गोष्टी लागतात: टपावर एक मजबूत आडवा बार आणि मागे हिचच्या (ट्रेलर जोडायच्या जागेच्या) दोन इंची चौकोनी खाचेत बसणारा इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचा बेड एक्सटेंडर, म्हणजे हौद्याबाहेरच्या सामानाला आधार देणारा दांडा. तो आडवा लावता येतो तसा उभाही लावता येतो. उभा लावून त्याची उंची टपावरच्या बारइतकी करा. डोळ्यांनी अंदाज न घेता दोन्ही बारांवर एक लांब काठी ठेवून बघा. आता दोन आधारांमध्ये आठ-नऊ फूट अंतर मिळतं आणि वजन दोन्हीकडे नीट वाटलं जातं. गाडीची लांबीच सुमारे १९ फूट असल्याने कयाकचा बराचसा भाग गाडीच्या वरच राहतो. दोन्ही बारांना जाड फोम गुंडाळा.

चढवताना अख्खी कयाक उचलायची नाही. पुढचं टोक मागच्या बारवर टेकवा, मग मागचं टोक उचलून पुढे ढकला. बारवर जुन्या गालिच्याचा तुकडा टाकला तर ती सहज सरकते, मी एकटी चढवते. कयाक मध्यावर आली की गालिचा काढून घ्या.

बांधण्यात घाई करू नका. रॅचेटचा, म्हणजे दांडी मागेपुढे करून आवळायचा पट्टा मी कयाकवर वापरत नाही. त्याची दांडी खेचताना किती जोर लागला ते हाताला कळत नाही, आणि उन्हात तापलेल्या प्लास्टिकला पोचा पडतो. साधा कॅम बकलचा पट्टा हाताने ओढून घट्ट करा, प्रत्येक बारला एक. पट्टा कयाकवरून घेऊन बारखालून फिरवा. कयाकच्या मुठींना बांधू नका, त्या उचलण्यासाठी असतात. पट्ट्याला एक पीळ द्या, म्हणजे वाऱ्यात तो थरथरून घूं घूं करत नाही.

पुढच्या आणि मागच्या टोकाला वेगळी दोरी हवीच, हे मी आग्रहाने सांगते. हायवेवर समोरून ट्रक गेला की हवेचा धक्का कयाकच्या नाकाला खालून बसतो. बॉनेटखालच्या बोल्टला अडकवायचे कापडी फास मिळतात, पुढची दोरी त्यांना बांधा, मागची हिचला. दोऱ्या फक्त ताठ हव्यात, फार ओढल्या तर कयाक वाकते.

मागे चार फुटांपेक्षा जास्त भाग बाहेर असेल तर बहुतेक ठिकाणी लाल फडकं लागतं, अंधारात लाल दिवाही. राज्याराज्यात नियम वेगळे, आपल्या वाटेवरचे बघून घ्या. मी फडकं कमी भाग बाहेर असला तरी लावते, कारण मागच्या ड्रायव्हरला कयाकचं निमुळतं टोक समोरून दिसतच नाही.

निघाल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी थांबून सगळं हलवून बघा. कयाक धरून ढकलली की अख्खी गाडी डुलली पाहिजे. ऊन, पाऊस झाला की पुन्हा बघा. बसायच्या जागेवर झाकण घालायला विसरू नका, नाहीतर पावसाचं पाणी आत साठून वजन वाढतं. वाटेत डुलुथ शहर ओलांडताना बाँग पुलावर आडवा वारा असतो, तिथे वेग कमी ठेवा. ड्राइव्ह-थ्रूत शिरू नका, उंची बदललेली असते.

जिथून कयाक पाण्यात उतरवतो त्या मायर्स बीचला पोचल्यावर आधी टोकांच्या दोऱ्या सोडा, मग पट्टे. सोडलेली प्रत्येक दोरी लगेच गाडीत टाका. बॉनेटपासून लोंबणारी दोरी चाकाखाली आली तर बोल्टसकट ओढून नेते. पुढे पाण्यापर्यंत लाकडी जिना उतरायचा आहे, त्यासाठी मात्र दोघं लागतात.