जुन्या गाडीच्या टायरची हवा हळूहळू उतरतेय? गळती अशी शोधा आणि अशी बंद करा

रविवारी गाडी काढायला खाली गेलं की एकच टायर बसलेला दिसतो, मग पंपावर जाऊन हवा मारून घ्यायची, आणि पुढच्या रविवारी परत तेच. जुनी गाडी वापरणाऱ्या बऱ्याच जणांना हे ओळखीचं असेल. आमच्या २००९ च्या वॅगन आरचा मागचा डावा टायर असाच तीन महिने चालला. दोन ठिकाणी दाखवला, दोन्हीकडे "पंक्चर नाहीये साहेब" म्हणून हवा भरून दिली, आणि पंक्चर खरंच नव्हतं. हवा जात होती रिमच्या कडेने. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय, कारण जुन्या गाडीत हवा हळूहळू उतरत असेल तर खिळाच असेल असं धरून चालू नका, व्हॉल (जिथून हवा भरतात ती रबरी नळी) आणि गंजलेली रिम ह्या दोन जागा आधी बघितल्या पाहिजेत आणि नेमक्या त्याच कोणी बघत नाही.

आणि नुसती हवा भरत राहून काम चालवू नका प्लीज. हवा कमी असलेला टायर चालताना बाजूने सारखा दुमडतो, त्याने आतून तापतो, आणि आतलं नुकसान बाहेरून दिसत नाही. मे महिन्यात चार माणसं आणि सामान घेऊन एक्सप्रेसवेच्या सिमेंटवर १०० ने जाताना तो फुटला तर काय होईल हे वेगळं सांगायला नको.

आधी मोजा

डोळ्याने बघून काही कळत नाही. रेडियल टायर खाली थोडा फुगलेला दिसतोच, त्यामुळे ३० ची हवा २४ वर आली तरी वरवर बघणाऱ्याला फरक जाणवत नाही. स्वतःचा एक प्रेशर गेज घ्या, साधा काटेवाला असला तरी चालेल, फक्त दर वेळी तोच वापरा, कारण दोन पंपांवरचे आकडे एकमेकांशी जुळतीलच असं नाही.

सकाळी गाडी हलवायच्या आधी, टायर गार असताना, चारही टायरांची हवा मोजा आणि स्टेपनीचीही. किती असायला पाहिजे ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर किंवा गाडीच्या पुस्तकात असतं. टायरच्या अंगावर जो मोठा आकडा असतो ती त्या टायरची कमाल मर्यादा आहे, तेवढी हवा भरायची नसते. कमी असेल तिथे भरून घ्या, आकडे मोबाईलमध्ये लिहा आणि रोज त्याच वेळेला चार-पाच दिवस मोजा.

आता एक लक्षात घ्या, चांगल्या टायरमधूनही महिन्याला एखाद-दोन पीएसआय (गेजवरचं हवेच्या दाबाचं माप) हवा जातेच, आणि थंडी पडली की आकडा आणखी खाली येतो, तापमान १० अंशांनी उतरलं तर साधारण दीड पीएसआय. त्यामुळे डिसेंबरात चारही टायर दोन-दोनने कमी दिसले तर घाबरू नका. पण तीन टायर ३० वर आणि एक २६ वर, असं चार दिवसांत झालं तर त्या एकातच गळती आहे. चारही चाकांना नायट्रोजन भरून घे असं मला दोघांनी सांगितलं होतं, पण साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो आणि भोक असेल तर तोही जाणारच.

आता शोधा

लागणारं सामान घरातलंच आहे. स्प्रेची बाटली, पाणी, त्यात दोन-तीन चमचे भांड्यांचं लिक्विड, खडू, आणि बॅटरी. टायरमध्ये हवा नेहमीपेक्षा तीन-चारने जास्त भरून घ्या म्हणजे बुडबुडे लवकर दिसतात, काम झालं की परत बरोबर करायची.

पहिल्यांदा व्हॉल बघा, कारण सगळ्यात सोपं तेच आहे. टोपी काढा, तोंडावर साबणाच्या पाण्याचा थेंब ठेवा आणि अर्धा मिनिट थांबा. थेंब फुगला तर आतली पिन गळतेय. मग तो रबरी व्हॉल हलकेच एका बाजूला वाकवा आणि जिथे तो रिममध्ये घुसतो तिथे पाणी मारा, दुसऱ्या बाजूलाही वाकवून बघा. जुना रबर मुळाशी तडकतो आणि ती चीर फक्त वाकवल्यावर उघडते, नुसतं वरून पाणी मारून सापडणार नाही. कोणी टोपीच्या जागी प्रेशर दाखवणारा सेन्सर लावला असेल तर तो काढून ठेवा आणि दोन दिवस परत मोजा, तो नीट बसला नसेल तर त्याच्यातूनच हवा जाते.

मग नक्षीचा भाग. गाडी थोडी-थोडी पुढे ढकलत पूर्ण गोल तपासा. खाचांमधले खडे स्क्रूड्रायव्हरने काढा, खिळा किंवा स्क्रू दिसला तर लगेच उपटू नका, खडूने खूण करा आणि त्याच्यावर पाणी मारा. नुसता वरवर रुतलेला असला तर बुडबुडा येणार नाही. टायरच्या बाजूच्या भिंतीवर पण फवारा, तिथे बारीक भेगा असतील तर त्या कितपत खोल आहेत ते बघा.

इथपर्यंत काही सापडलं नाही तर चाक उतरवायला लागेल. सपाट जागा, हँडब्रेक, गाडी पहिल्या गिअरमध्ये, तिरक्या समोरच्या कोपऱ्यातल्या चाकाला पुढे-मागे विटा. नट गाडी जमिनीवर असतानाच पान्याने थोडे सैल करा आणि मग जॅक लावा. उतरवलेलं चाक गाडीच्या खाली आडवं सरकवून ठेवा, जॅक निसटलाच तर गाडी चाकावर बसेल. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हात-डोकं घालायचं नाही, काम लांबणार असेल तर घोडी (गाडी पेलणारा लोखंडी स्टँड) लावा.

चाक जमिनीवर आडवं ठेवलं की रिम आणि टायर जिथे भेटतात तिथे गोल खोबणीसारखी जागा दिसते. त्या खोबणीत साबणाचं पाणी ओतून ती भरून टाका आणि शांत बसा. पाच मिनिटं तरी. मी पहिल्यांदा घाई केली आणि काही दिसलं नाही म्हणून उठणार होतो, तेवढ्यात व्हॉलच्या बरोबर समोरच्या बाजूला कडेने पांढरा फेस जमायला लागला, खसखशीएवढे बुडबुडे, एकाला एक चिकटून, चार बोटं लांबीची ओळ. मोठा बुडबुडा एकही नव्हता, म्हणूनच दुकानातल्या घाईत तो कोणाला दिसला नसणार. मग चाक उलटं करून आतली बाजू पण अशीच तपासा, चिखल तिकडेच बसून राहतो.

जिथे गळतंय तसा इलाज

पिन गळत असेल तर व्हॉलच्या चावीने आधी ती थोडी घट्ट करून बघा, ऐकलं नाही तर नवीन टाका, पिन अगदी स्वस्तात मिळते आणि दोन मिनिटांचं काम आहे (पिन काढली की सगळी हवा जाते, त्यामुळे पंप जवळ ठेवा आणि गाडीचं वजन त्या चाकावर ठेवू नका). व्हॉल मुळाशी तडकला असेल तर टायर रिमवरून खाली पाडावा लागतो, ते टायरवाल्याकडेच. एक सांगून ठेवतो, कुठल्याही कारणाने टायर पाडला तर व्हॉल नवीनच टाकायला सांगा.

खिळा नक्षीच्या मधल्या भागात असेल आणि भोक ६ मिलिमीटरपेक्षा मोठं नसेल तर दुरुस्ती होते. घरी पंक्चरचं किट असेल तर खिळा कुठल्या दिशेने गेलाय ते बघून पक्कडीने ओढा, रीमर (भोक साफ करायची खरबरीत सळी) त्याच तिरक्या दिशेने आत घालून आठ-दहा वेळा आत-बाहेर करा, सुईच्या नाकात स्ट्रिप (चिकट रबरी पट्टी) ओवून सोल्यूशन लावा आणि जोर देऊन आत ढकला, दोन्ही टोकं साधारण दीड सेंटिमीटर बाहेर राहतील इतपत. मग सुई एका झटक्यात बाहेर ओढा, शिल्लक टोकं ब्लेडने कापा आणि परत साबणाचं पाणी मारा. रस्त्यात अडकल्यावर हे उत्तम आहे. पण मी तरी स्ट्रिपवर कायमचा भरवसा ठेवत नाही, सवडीने टायर पाडून आतून मशरूम पॅच लावून घ्या, त्यात भोकही भरतं आणि आतून चकतीही चिकटते, शिवाय टायर आतून तपासला जातो. आत कडेने काळी रबराची भुकटी दिसली तर तो टायर कमी हवेवर पळालेला आहे, तो ठेवू नका. नक्षीच्या कडेच्या खांद्यावर किंवा बाजूच्या भिंतीत भोक असेल तर दुरुस्ती नाही, टायर बदलायचा, कोणी "करून देतो" म्हणाला तरी नाही म्हणा.

आणि रिम. आमची गाडी आधी दहा पावसाळे चिपळूणला अंगणात उभी असायची, लोखंडी रिमला दमट हवा आणि लाल चिखल, गंज धरणारच. टायर पाडल्यावर दिसलं की जिथे टायरची बीड (रिमला चिकटून बसणारी टायरची कड) बसते तिथला रंग पोपडे होऊन सुटलाय आणि खाली गंजाचे खड्डे पडलेत, हवा त्या पोपड्यांखालून वाट काढत होती. टायरवाल्याला स्पष्ट सांगायचं की दोन्ही बाजूंची कड वायर ब्रशने घासून दे, मग पॉलिश पेपर, मग कोरड्या फडक्याने पुसून बीड सीलर, म्हणजे कडेची फट बंद करणारा लेप. शक्य असेल तर समोर उभे राहा, कारण नुसतं फडकं फिरवून टायर परत चढवला तर महिन्याभरात गळती परत येते. टायरची बीड पण पुसून घ्या, तिला गंजाचे कण चिकटलेले असतात. ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावू देऊ नका, त्याने रबर खराब होतं, टायर चढवायला साबणाचं पाणी किंवा टायरची पेस्ट असते. रिम खड्ड्यात आपटून वाकली असेल तर थोडासा बाक ठोकून सरळ होतो, पण चीर दिसली किंवा गंजाचे खड्डे नखाला खोल लागले तर दुसरी रिम बघा, जुन्या पार्टच्या मार्केटमध्ये त्याच मापाची मिळते, घेण्याआधी मशीनवर फिरवून वाकडी नाही ना ते तपासा.

ट्यूबलेस टायरमध्ये ट्यूब टाकून देतो असा सल्ला हमखास मिळतो. मी घेतला नाही, तुम्हीही घेऊ नका, आत घासून ट्यूब तापते आणि फाटली की हवा एका क्षणात जाते. बाटलीतलं सीलंट पण घरापर्यंत पोचायला ठीक आहे, त्यावर वर्ष काढायचं नाही.

इलाज करण्याआधी टायरचं वयही बघून घ्या, अंगावर लंबगोलात चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. टायर दहा वर्षांचा असेल किंवा नक्षी १.६ मिलिमीटरच्या खुणेपर्यंत आली असेल तर दुरुस्तीवर पैसे घालवू नका.

चाक परत लावताना नट आधी हाताने बसवा, मग समोरासमोरचे आलटून पालटून घट्ट करा, शेवटचं आवळणं गाडी जमिनीवर टेकल्यावर. टायर पाडला असेल तर बॅलन्सिंग करून घ्या. ५०-१०० किलोमीटर झाले की नट परत एकदा पान्याने तपासा. आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून परत मोजायला लागा, आठ दिवस. आमच्या टायरचा आकडा त्या आठवड्यात ३० वरून हलला नाही, पंधरा दिवसांनी २९.५ होता. त्याच दिवशी स्टेपनी मोजली तर तिच्यात १४ हवा निघाली, तीही भरून घेतली.