सनस्क्रीन घेताय? एसपीएफच्या आधी बोटावर किती घेताय ते बघा

माझ्या आईच्या दोन्ही गालांवर वांग आलेत, आणि ती रोज न चुकता एसपीएफ ५० लावून ठाण्याहून तुर्भ्याला कामाला जाते, मग हे झालं कसं? एक दिवस सकाळी आरशासमोर बघितलं तर शेंगदाण्याएवढी क्रीम बोटावर घेऊन अख्ख्या चेहऱ्याला पुरवत होती.

ट्यूबवर एसपीएफचा आकडा असतो ना, म्हणजे उन्हापासून किती संरक्षण मिळतं ते, तो दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम एवढा थर देऊन टेस्ट केलेला असतो, कमी लावलं की ५० चे ५० मिळतच नाहीत. सोपं माप सांगते, तर्जनी आणि मधल्या बोटावर मुळापासून टोकापर्यंत एकेक रेघ ओढायची, एवढं चेहरा आणि मानेला लागतं. पहिल्यांदा चेहरा पांढराफटक दिसेल, मग अर्धं लावा, दोन मिनिटं थांबा, उरलेलं लावा, नीट जिरतं.

एसपीएफ फक्त यूव्हीबीचं सांगतो, म्हणजे उन्हातल्या ज्या किरणांनी कातडी भाजते त्यांचं. ३० साधारण ९७ टक्के अडवतं आणि ५० साधारण ९८, त्यामुळे ७० साठी जास्त पैसे घालू नका. वांग आणि सुरकुत्यांमागे यूव्हीए या दुसऱ्या किरणांचा मोठा हात असतो, त्यांच्यापासून किती संरक्षण ते ट्यूबवर ‘PA’ (पीए) लिहिलेलं असतं त्याच्या पुढच्या प्लसवर कळतं, चार प्लस असलेलं शोधा. हे यूव्हीए काचेतूनही येतं बरं का, म्हणजे ऐरोलीच्या ऑफिसात खिडकीला बसणाऱ्यांनी पण लावायचंच, ढगाळ पावसाळ्यात पण.

वांग असतील तर टिंटेड, म्हणजे त्वचेच्या रंगाची छटा असलेलं घ्या, त्यात आयर्न ऑक्साइड असतं, ते साध्या उजेडापासूनही वाचवतं, आईला स्किनच्या डॉक्टरांनी हेच दिलं. तेलकट चेहऱ्याला जेल, आणि डोळे चुरचुरत असतील तर झिंक ऑक्साइडवालं बघा.

आपल्याकडचा घाम माहितीये, वॉटर रेझिस्टंट लिहिलेलं असलं तरी ते ४० नाहीतर ८० मिनिटांचंच असतं, उन्हात असाल तर दर दोन तासांनी परत लावा. स्कूटीच्या डिकीत ट्यूब ठेवू नका, तापून खराब होते.

आणि एक हिशोब करून बघा, दोन बोटं म्हणजे साधारण एक ग्रॅम, रोज एकदाच लावलं तरी ५० ग्रॅमची ट्यूब दीड-दोन महिन्यांत संपायला हवी. आईची सहा महिने पुरायची. म्हणून महागडी घेऊन जपून वापरण्यापेक्षा खिशाला परवडेल अशी घ्या, म्हणजे हात आखडणार नाही.