कॅम्पिंग ट्रेलरच्या वायरिंगमध्ये फ्यूज लावताना या चुका टाळा

मानपूरचा घाट उतरून आम्ही गुजरीला चहाला थांबलो होतो. दादाच्या नव्या ट्रेलरची ती पहिली सफर, इंदूरहून महेश्वरला. वहिनी मागे डबा काढायला गेल्या आणि तिथूनच हाक आली, "ताई, प्लॅस्टिक जळल्याचा वास येतोय, बघा ना जरा!" ट्रेलरच्या पुढच्या त्रिकोणी फ्रेमवर बॅटरीची पेटी होती. तिच्याखालून धुराची बारीक रेघ वर येत होती. दहा नंबरचा पाना घेऊन मी बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवली, तेव्हा कुठे धूर थांबला.

सगळं वायरिंग मी केलं होतं. आत छान आठ फ्यूजचा बॉक्स बसवला होता, प्रत्येक फ्यूजवर नाव चिकटवलं होतं. त्यातला एकही फ्यूज उडाला नव्हता, कारण शॉर्ट त्या बॉक्सच्या आधी झाला होता. बॅटरीपासून बॉक्सपर्यंतची तीन मीटर लाल तार लोखंडी पत्र्याच्या भोकातून आत नेली होती. भोक कानशीने घासलं नव्हतं, त्यात रबरी ग्रॉमेटही (तार घासू नये म्हणून भोकाच्या कडेला बसवायचं कडं) नव्हतं. घाटातल्या हादऱ्यांनी नखाएवढ्या जागेवरचं इन्सुलेशन कापलं गेलं आणि आतलं तांबं निळं-काळं पडलं. त्या तीन मीटरचं रक्षण करायला मध्ये काहीच नव्हतं.

तेव्हापासून ओळखीतल्या बऱ्याच जणांचे ट्रेलर आणि व्हॅन मी तपासल्या आहेत. त्याच त्या चुका दिसतात आणि बहुतेकांचं मूळ एकच असतं: फ्यूज फ्रिजसाठी, पंपासाठी किंवा लाइटसाठी असतो असं आपण धरून चालतो. तो असतो तारेसाठी. उपकरणाच्या आत काही बिघडलं तर उपकरण जातं, पण तार तापली तर आधी तिच्याभोवतीचं प्लायवूड आणि फोम पेटतो, आणि आत माणसं झोपलेली असतात.

पहिला फ्यूज बॅटरीपासून लांब

तार जिथून वीज घेते तिथेच फ्यूज हवा. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून एका वितीच्या आत, जमलं तर थेट टर्मिनलवरच. चांगल्या १०० अँपिअर-अवरच्या बॅटरीतून शॉर्टमध्ये हजाराच्या वर अँपिअर सहज वाहतात. एवढ्या करंटला तुमची दहा एमएमची (म्हणजे दहा चौरस मिलिमीटर छेदाची) जाड तारही निखाऱ्यासारखी लाल होते. फक्त एक सांभाळा: साध्या पाण्याच्या बॅटरीतून चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन निघतो. म्हणून फ्यूज होल्डर बंद पेटीच्या आत न ठेवता पेटीच्या बाहेर, भिंतीला लागून लावा आणि पेटीला हवा जायला जागा ठेवा.

याच चुकीचं दुसरं रूप बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. गाडीच्या बॅटरीतून ट्रेलरची बॅटरी चार्ज करायला जी तार मागे आणतात, तिच्या दोन्ही टोकांना बॅटरी असते. मध्ये कुठे तार घासली तर करंट दोन्हीकडून धावत येतो. गाडीच्या बॉनेटमधला फ्यूज उडेल, पण ट्रेलरची बॅटरी त्या शॉर्टला वीज पुरवतच राहील. म्हणून या तारेला दोन फ्यूज लागतात, एक गाडीच्या बॅटरीजवळ आणि एक ट्रेलरच्या बॅटरीजवळ. मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर (गाडीच्या विजेवर ट्रेलरची बॅटरी नीट चार्ज करणारा डबा) असला तरी दोन्ही फ्यूज ठेवा.

आधी फ्यूज, मग तार

दुकानात गेलो की आपण फ्यूज बॉक्स आधी घेतो आणि मग घरात उरलेली तार वापरतो. क्रम उलटा हवा. कागदावर प्रत्येक उपकरणाचे अँपिअर लिहा, मग तारेची लांबी मोजा, मग तार ठरवा. फ्यूज सगळ्यात शेवटी. तो लोडपेक्षा मोठा आणि तारेच्या ताकदीपेक्षा लहान असला पाहिजे.

घरच्या वायरिंगचा अंदाज इथे फसवतो. ६० वॅटला २३० व्होल्टवर पाव अँपिअर लागतो, १२ व्होल्टवर तोच आकडा ५ होतो. आमच्या ट्रेलरचा हिशेब असा आहे: तीन-तीन वॅटचे सहा एलईडी मिळून दीड अँपिअर, त्यांना दीड एमएमची तार आणि ५ चा फ्यूज. पाण्याचा पंप ५ अँपिअर, त्याला अडीच एमएम आणि १० चा फ्यूज. कंप्रेसरचा फ्रिज चालताना ५ अँपिअर घेतो, सुरू होताना त्याहून जास्त, त्याला चार एमएम आणि १५ चा फ्यूज. बॅटरीकडून येणारी मुख्य तार दहा एमएमची आणि तिला ४० चा फ्यूज. हे आकडे हात राखून धरलेले आहेत. मे महिन्यात इंदूरात पारा ४० च्या वर जातो आणि उन्हात बंद उभा असलेला ट्रेलर आतून त्याहून कितीतरी जास्त तापतो. प्लायमागे एकत्र बांधलेल्या तारांना थंड व्हायला वाव नसतो. छापील तक्त्यातला आकडा मोकळ्या हवेतल्या तारेचा असतो, आपल्या तारेचा नसतो.

आणखी एक गैरसमज म्हणजे १० चा फ्यूज ११ अँपिअरला लगेच उडतो. नाही उडत. गाडीतला चपटा ब्लेड फ्यूज आकड्याच्या १० टक्के वर तासन्‌तास टिकतो. ३५ टक्के जास्त लोडवर त्याला उडायला दहा मिनिटंही लागू शकतात. दुप्पट लोडवर मात्र जास्तीत जास्त पाच सेकंदांत जातो. त्या दहा मिनिटांत तारेने तग धरायला हवा, म्हणूनच तारेत जास्तीचा दम ठेवायचा. उलट बाजूने, १० च्या फ्यूजवर कायम ९ अँपिअर चालवू नका. आठाच्या आतच राहा, नाहीतर उन्हाळ्यात तो विनाकारण उडत राहील.

उडाला म्हणून मोठा लावला

या चुकीची मला सगळ्यात जास्त भीती वाटते. १० चा लाल फ्यूज दोनदा उडाला की जवळ असेल तो ३० चा हिरवा खुपसला जातो. घरच्या किटकॅट फ्यूजमध्ये तांब्याची तार दुहेरी करून घालायची जी जुनी सवय आहे, तीच इथे येते. त्यानंतर फ्यूज उडत नाही आणि फ्यूजचं काम तार करायला लागते. उडालेला फ्यूज काहीतरी सांगत असतो, आणि तो कधी उडतो त्यावरून ते कळतं.

लावल्या लावल्या उडाला तर सरळ शॉर्ट आहे. दहा-पंधरा मिनिटांनी उडाला तर लोड जास्त आहे, किंवा होल्डरची पकड सैल होऊन तिथेच उष्णता होते आहे. खड्ड्यात किंवा वळणावर उडाला तर तार कुठेतरी पत्र्याला घासते आहे, बहुधा दाराच्या बिजागरीजवळ नाहीतर फ्रेमच्या भोकात.

शॉर्ट शोधताना एकामागून एक फ्यूज जाळू नका. गाडीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॅटचा साधा बल्ब घ्या, त्याच्या होल्डरला दोन तारा जोडा आणि उडालेल्या फ्यूजच्या दोन खाचांमध्ये त्या बसवा. त्या सर्किटवरची सगळी उपकरणं बंद करा, शक्य असेल तर सोडवूनच ठेवा. बल्ब झगझगीत पेटला तर शॉर्ट अजून आहे. घाबरू नका, बल्बमुळे पावणेदोन अँपिअरच्या वर काही वाहत नाही. आता ट्रेलरच्या एका टोकापासून तार हळूहळू हलवत जा. जिथे हात लावल्यावर बल्ब मंद होतो किंवा विझतो, तिथेच दुखणं आहे. दादाच्या ट्रेलरमध्ये मागच्या लाइटचा असाच एक शॉर्ट मला सापडला. प्लाय ठोकताना एक स्क्रू तारेच्या बरोबर मधोमध गेला होता. वहिनींनी बल्ब धरला होता, मी आत पालथी पडून एकेक जागा दाबत होते आणि त्या "गेला… आला… गेला" असं सांगत होत्या. वीस मिनिटांत काम झालं.

फ्यूज शाबूत, तरी वीज नाही

ब्लेड फ्यूजच्या डोक्यावर दोन बारीक उघडे धातूचे ठिपके असतात. मल्टीमीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर ठेवून लाल पिन दोन्ही ठिपक्यांवर लावा. दोन्हीकडे १२ आले तर फ्यूज ठीक आहे, एकीकडे १२ आणि दुसरीकडे शून्य आले तर उडालेला आहे. नुसतं डोळ्यांनी बघून ठरवू नका.

फ्यूज ठीक असेल तर बहुतेक वेळा दोष निगेटिव्हचा असतो. तार वाचवायला निगेटिव्ह थेट चॅसीला जोडायचं ही सवय ट्रेलरमध्ये महाग पडते. एक पावसाळा गेला की त्या बोल्टखाली गंज चढतो. पंप चालू केला की लाइट मंद होतात, इंडिकेटर दिला की ब्रेकलाइटही लुकलुकतो, ही त्याची लक्षणं. उपकरण चालू ठेवून त्याच्या निगेटिव्हपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत व्होल्ट मोजा. पाव व्होल्टच्या वर दिसलं तर जोड साफ करा, आणि एकदाच काय ती प्रत्येक उपकरणाला वेगळी निगेटिव्ह तार ओढा. ती लालइतकीच जाड हवी.

फ्रिज रात्री आपोआप बंद पडतो ही तक्रारही बारीक तारेची असते. मांडूला आमचा फ्रिज रात्री अडीचला बंद झाला, दूध नासलं. तेव्हा त्याला दीड एमएमची तार होती, बॅटरीपासून चार मीटर, म्हणजे जाऊन-येऊन आठ. ५ अँपिअरला तेवढ्या तारेत अर्धा व्होल्ट पडतो. बॅटरीवर १२.१ असताना फ्रिजला ११.६ दिसतात, कंप्रेसर सुरू होताना त्याहून कमी. बॅटरी संपली असं समजून फ्रिज स्वतःला बंद करतो. चार एमएमची तार घातल्यावर तारेत पडणारा व्होल्ट ०.२ वर आला आणि तक्रार गेली.

जोड, इन्व्हर्टर, आणि २३० व्होल्ट

भिंतीत वापरायची एकसंध जाड तार ट्रेलरमध्ये हादऱ्याने आतल्या आत तुटते. बारीक धाग्यांचीच तार घ्या. इंदूरच्या महाराणी रोडवर तारेच्या टोकाला बसवायचे रिंग लग आणि पिन लग, जोडावर चढवून तापवली की आवळणारी हीट श्रिंक नळी, लग दाबून पक्का करायची क्रिंपिंगची पक्कड, सगळं मिळतं. पक्कडीवर पैसे खर्च करा, पिळून टेप गुंडाळलेला जोड आमच्याकडच्या उन्हात गोंद सोडतो. झाळलेला (सोल्डर केलेला) जोड झाळ संपते तिथे कडक होऊन मोडतो, म्हणून एकटी झाळ नको.

१००० वॅटचा इन्व्हर्टर १२ व्होल्टवर ८३ अँपिअर मागतो, आतला तोटा धरून शंभराच्या आसपास. त्याला फ्यूज बॉक्समधून वीज देऊ नका. थेट बॅटरीपासून ३५ एमएमची आखूड केबल आणि १२५ चा स्वतंत्र फ्यूज द्या. लिथियम बॅटरी असेल तर तिचा शॉर्टचा करंट इतका मोठा असतो की साधा फ्यूज वितळूनही आतली ठिणगी चालूच राहू शकते. तिथे एवढा मोठा करंटही तोडू शकणारा क्लास टी प्रकारचा फ्यूजच हवा. घरचा एसी एमसीबी (जास्त करंटला आपोआप पडणारा स्विच) १२ व्होल्टच्या बाजूला लावू नका: एसी सेकंदाला शंभरदा शून्यावर येतो म्हणून त्यातली ठिणगी विझते, डीसी कधीच शून्यावर येत नाही.

बाहेरून २३० व्होल्ट घेणार असाल तर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की वीज तोडणारा स्विच), फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा एमसीबी आणि चॅसीला पक्कं अर्थिंग, यातलं काहीही वगळू नका. त्या तारा १२ व्होल्टच्या पाइपातून नेऊ नका. हे काम जाणत्या वायरमनकडूनच करून घ्या.

आता आम्ही निघायच्या आदल्या संध्याकाळी अंगणात ट्रेलर उभा करून लाइट, पंखा, फ्रिज, पंप सगळं तासभर चालू ठेवतो. मग मी फ्यूज बॉक्सचं झाकण काढून एकेका होल्डरला आणि तारेला बोट लावून जाते. कोमट लागलं तर चालतं. बोट ठेववत नसेल तर ते सर्किट त्याच रात्री उघडायचं, निघायला उशीर झाला तरी.