ॲडव्हान्स्ड स्कुबा कोर्स घराजवळ शोधताय? या चुका टाळा

ओपन वॉटरचं, म्हणजे स्कुबाच्या पहिल्या कोर्सचं, कार्ड हातात आलं की पुढच्या कोर्सची ओढ लागतेच. पुणे, मुंबई, कोल्हापूरच्या डायव्हरला अशा वेळी आधी मालवण-तारकर्ली आठवतं. साहजिकच आहे. पण किलोमीटर मोजून कोर्स ठरवला की पुढे बरंच काही अडतं.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे पाण्याची खोली न विचारणं. पॅडी या डायव्हिंगचं प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेच्या ॲडव्हान्स्ड ओपन वॉटरमध्ये पाच डाइव्ह असतात. डीप (खोल पाण्यातली) आणि नेव्हिगेशन (पाण्याखाली दिशा शोधण्याची) सक्तीच्या, उरलेल्या तीन आपल्या पसंतीच्या. डीप डाइव्ह १८ मीटरच्या खाली व्हायला हवी, कमाल मर्यादा ३० मीटर. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पर्यटकांना जिथे बुडी मारायला नेतात, ते पाणी याहून बरंच उथळ आहे. म्हणून पैसे भरण्याआधी सरळ विचारा: डीप डाइव्ह कुठे करणार, किती मीटरला, बोट किनाऱ्यापासून किती आत जाणार? उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरीकडे बघा. मुर्डेश्वरजवळचं नेत्राणी बेट, पुद्दुचेरी किंवा अंदमान लांब वाटतं खरं, पण अर्धवट कोर्सपेक्षा तो प्रवास परवडतो.

खोलीचा एवढा आग्रह का, ते हवेच्या हिशेबातून कळतं. ३० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या चौपट असतो, त्यामुळे हवाही चौपट लागते. १२ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बार दाबाने साधारण २४०० लिटर हवा मावते. वर मिनिटाला २० लिटर लागणाऱ्याला खाली ८० लागतात, म्हणजे अख्खा सिलिंडर अर्ध्या तासात रिकामा. वर येण्यासाठीची राखीव हवा यातूनच काढायची, शिवाय पॅडीच्या तक्त्यानुसार ३० मीटरवर विना-डीकॉम्प्रेशन मुदत, म्हणजे वाटेत सक्तीचे थांबे न घेता वर येता येईल एवढा वेळ, फक्त २० मिनिटं. हे आकडे पुस्तकात पाठ होतात. गेजचा काटा डोळ्यांसमोर भराभर उतरताना बघितला की अंगात भिनतात. उथळ पाण्यात हा अनुभव मिळूच शकत नाही.

नावांचाही घोळ होतो. एसएसआय ही पॅडीसारखीच दुसरी संस्था. पॅडीच्या ॲडव्हान्स्डच्या तोडीचा तिचा कोर्स म्हणजे ‘ॲडव्हान्स्ड ॲडव्हेंचरर’. एसएसआयमध्ये ‘ॲडव्हान्स्ड ओपन वॉटर’ म्हणायला चार स्पेशालिटी (एकेका विषयाचे वेगळे कोर्स) आणि २४ डाइव्ह लागतात. आणि गाइडने सिलिंडर धरून फिरवलेली, फोटो-व्हिडिओसकटची बुडी म्हणजे कोर्स नव्हे. ती कितीही वेळा केली तरी ॲडव्हान्स्डसाठी धरली जात नाही.

मालवणचं पाणी गढूळ असतं म्हणून नाक मुरडू नका. होकायंत्रावर चौकोन पोहून सुरुवातीच्या जागी परतायचा सराव अशाच पाण्यात पक्का होतो, कारण नजरेचा आधार नसल्यामुळे होकायंत्र आणि फिनच्या किकची मोजणी यांवरच भिस्त ठेवावी लागते. मात्र एका इन्स्ट्रक्टरमागे किती विद्यार्थी, हे इथे आवर्जून विचारा. पाणी जितकं गढूळ, तितका गट लहान हवा. इन्स्ट्रक्टरचा क्रमांक मागून संस्थेच्या संकेतस्थळावर तपासायलाही संकोच करू नका. चांगला इन्स्ट्रक्टर तो आनंदाने देतो.

बरेच महिने पाण्यात उतरला नसाल तर थेट ॲडव्हान्स्डला जाऊ नका. आधी एक उजळणी करा: मास्कमधलं पाणी काढणं, तरंगत स्थिर राहणं. खाली जाताना कान दुखला तर जोर लावू नका. मीटरभर वर या, हळूच कान मोकळा करा, मग उतरा. तरीही होत नसेल तर ती डाइव्ह तिथेच सोडा. सर्दी असताना तर उतरूच नका, कोर्सची फी भरलेली असली तरी. दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर वैद्यकीय फॉर्मवर ‘नाही’ लिहून मोकळे होऊ नका, डॉक्टरांची सही घ्या.

शेवटची चूक कोकणातून घाटावर परतणाऱ्यांची, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. अनेक डाइव्ह झाल्यावर विमानात बसण्याआधी किमान १८ तास थांबावं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण दुपारी बोटीतून उतरून संध्याकाळी गाडीने आंबोली चढणंही उंचीवर जाणंच आहे. आंबोली साधारण ६९० मीटरवर आहे. फोंडा आणि गगनबावडा घाटांनाही हेच लागू. उंचीवर हवेचा दाब कमी होतो, त्याआधी डाइव्हमध्ये शरीरात साठलेला नायट्रोजन निघून जायला वेळ द्यावा लागतो. तेव्हा रजा टाकतानाच डाइव्हनंतरचा एक मुक्काम किनाऱ्यावर धरा आणि निघायची वेळ इन्स्ट्रक्टरला विचारूनच ठरवा.