मार्गो म्हणजे काठ, पण कसला?

एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, सरांनी स्कॅप्युला (खांद्यामागचं पसरट हाड) हातात दिला. तिन्ही बॉर्डर्स दाखवल्या: वरची, मणक्याकडची, काखेकडची. सर म्हणाले, ‘लॅटिनमध्ये याला मार्गो म्हणतात. मग मार्जिनलमधला न आला कुठून?’ माझी बोलतीच बंद.

उत्तर आपल्या व्याकरणात होतं. ‘माणूस’ला विभक्ती लागली की ‘माणसा’ होतं ना? तसंच ‘मार्गो’ला विभक्ती लागली की ‘मार्गिन’ होतं. इंग्रजीने तेच रूप उचललं. वहीच्या समासाला आपण मार्जिन म्हणतो, तोही शब्द हाच. चेहऱ्याच्या नर्व्हची मार्जिनल मँडिब्युलर शाखा जबड्याच्या खालच्या काठाजवळून जाते, म्हणून तिचं हे नाव. ती कापली गेली तर खालच्या ओठाची एक बाजू नीट हलत नाही. हे एकदा कळलं की शाखेची जागा पाठ करावी लागत नाही.

नव्यांना माझं सांगणं एवढंच, की काठाचे सगळे शब्द एका पिशवीत कोंबू नका. मराठीत साडीला काठ असतो आणि सुरीला धार, तसं लॅटिनमध्येही आहे. मार्गो म्हणजे साधी कड. नडगीवर बोट फिरवा, कातडीखाली लागते ती टिबियाची मार्गो अँटेरियर. (अंधारात पलंगाचा कोपरा लागतो तो बरोब्बर इथेच.) लॅब्रम म्हणजे ओठ, खुब्याच्या खोबणीच्या कडेने फिरणारा. ओरा सेराटामधला ‘ओरा’ही काठच, पण ‘सेरा’ म्हणजे करवत. रेटिनाची, म्हणजे डोळ्यातल्या पडद्याची, पुढची कड दातेरी असते.

माझा लाडका शब्द लिंबस. त्याचा अर्थ वस्त्राचा काठ. आरशात डोळा बघा: बुबुळ संपून पांढरं सुरू होतं तिथे कॉर्नियाचा लिंबस आहे. १८७८ मध्ये पॉल ब्रोका या फ्रेंच डॉक्टरने ब्रेनस्टेमभोवती (मेंदूच्या देठाभोवती) काठासारख्या फिरणाऱ्या भागाला लिंबिक लोब म्हटलं. मी कित्येक महिने लिंबिकचा अर्थ ‘भावनांचा’ असाच समजत होतो. भावनांचा संबंध नंतर जोडला गेला; नाव मात्र निव्वळ जागेवरून पडलं.

बोन सेट (अभ्यासासाठीची हाडं) रूमवर आणलात की आधी स्कॅप्युला घ्या. हाड डोळे मिटून चाचपा आणि प्रत्येक कडेला तिचं लॅटिन नाव मोठ्याने म्हणा. रूममेट हसेल, हसू द्या.